बदामी वासाच्या बाटलीतली साखर

शनिवारी सकाळी दहा वाजता प्रयोगशाळेच्या किल्ल्यांचा जुडगा आत्याच्या कमरेवरून निघाला आणि मोठ्या बाईंच्या टेबलावर जाऊन पडला. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. अंगात ताप असला तरी आत्या त्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देत नसे. रात्री उशीखाली घेऊन झोपे.

भिंगरीला हे कळलं मधल्या सुट्टीत. आत्या शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाईण होती, आणि भिंगरी म्हणजे तिची भाची, दहावीतली. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून आत्याने तिला पाळण्यातच भिंगरी करून टाकलं होतं. रोज मधल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेच्या दारातल्या बाकावर आत्याबरोबर डबा खायची. आज आत्या बाकावर होती, डबाही होता, पण झाकण उघडलेलं नव्हतं. आत्याचे हात मांडीवर नुसते पडून होते. ज्या हातांत सदान्‌कदा फडकं नाहीतर परीक्षानळी असायची, ते आज रिकामे होते.

हळूहळू सगळं बाहेर पडलं. शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, दोनच महिन्यांपूर्वी आल्या होत्या आणि आज त्यांनी कपाटं तपासायला काढली होती. आत्याची कपाटं म्हणजे काय सांगावं! एकेका बाटलीचं नाव पुढच्या बाजूला, झाकणावर धुळीचा कण नाही. बाई पाहत गेल्या आणि खूश होत गेल्या. मग खालच्या फळीवरची एक तपकिरी बाटली त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

बाटलीवर लिहिलं होतं ‘बेंझाल्डिहाइड’. हा तेलासारखा पातळ, स्वच्छ पदार्थ असतो आणि त्याला कडू बदामासारखा गोडसर वास येतो. वास होताच. पण बाटलीच्या तळाशी पांढरे कण बसले होते, आणि गळ्याभोवती, बुचाच्या खाली, साखरेसारखं काहीतरी जमून आलं होतं.

बाईंनी विचारलं, यात काय टाकलंत? आत्या म्हणाली, काही नाही. बाईंनी विचारलं, किल्ली कोणाकडे असते? आत्या म्हणाली, माझ्याकडेच, दुसऱ्या कोणाकडे कशी असेल? झालं. आपल्याच तोंडाने तिने आपल्यावरचा खटला निकालात काढला.

मोठ्या बाई दुष्ट नव्हत्या, हे आत्याही कबूल करत होती. आधीच्या शाळेत एका मुलाचा हात भलत्याच बाटलीतल्या द्रवाने भाजला होता आणि तो हात बाईंना अजून स्वप्नात दिसायचा. त्या एवढंच म्हणाल्या होत्या की जिच्यात काय आहे ते सांगता येत नाही अशी बाटली प्रयोगशाळेत राहणार नाही, आणि तिची राखण करणारं माणूसही राहणार नाही. सोमवारपासून आत्याने फाटकावर बसायचं. दुपारी चार वाजता त्या बदलीच्या कागदावर सही करणार होत्या.

“फाटकावर,” आत्या म्हणाली, जसं कोणी विहिरीच्या तळाचं नाव घ्यावं. “फाटक काय धुवायचं असतं का गं? त्याला काय नाव लिहून लावायचं?”

भिंगरी उठली ती थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. वाटेत तिने काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण दार उघडताच ते सगळं पळालं आणि तोंडातून भलतंच निघालं: “बाई, ते पांढरं काय आहे हे जर सांगता आलं, तर?”

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. सांगता आलं तर ऐकेन, त्या म्हणाल्या. सर हजर पाहिजेत, डोळ्यांवर चष्मे पाहिजेत, आणि आत्याने कशालाही हात लावायचा नाही. चार म्हणजे चार.

सर म्हणजे भौतिकशास्त्राचे सर. रसायनाचे म्हातारे सर निवृत्त झाल्यापासून ते दोन्ही विषयांचा गाडा एकट्याने ओढत होते आणि त्यातलं एक चाक डगमगतं आहे हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. “उतारावरून चेंडू सोडायचा असेल तर मला बोलवा,” ते म्हणाले. “हे वासांचं खातं माझं नव्हे.” पण म्हणता म्हणता त्यांनी बाह्या वर सारल्या, कारण म्हाताऱ्या सरांची जाडजूड वही खणात होती आणि तिच्यात एक प्रकरण होतं: अनोळखी पदार्थ कसा ओळखावा.

बारा वाजता शाळा सुटली. आवारातला गलका रस्त्यावर गेला, आणि प्रयोगशाळेत तिघंच उरले. सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. आत्या दाराजवळच्या स्टुलावर हात बांधून बसली. हात बांधलेले होते, जीभ नव्हती.

“गाळणकागद आधी पाण्याने नाही भिजवायचा, बये. कोरडा ठेव. हां. आता हळू ओत.”

बाटलीतला द्रव गाळून खाली गेला आणि कागदावर पांढरे कण राहिले. भिंगरीने ते गार पाण्याने धुतले, दोन कागदांत दाबले, पण बदामाचा वास काही सुटेना. तेव्हा आत्याने जागेवरूनच युक्ती सांगितली: गरम पाण्यात विरघळव आणि गार होऊ दे. बावीस वर्षं मुलांच्या मागे उभं राहून तिने ते शेकडो वेळा पाहिलं होतं. का करतात ते कुणी तिला सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलंही नव्हतं.

गार पाण्यात जे हट्टाने तळाशी बसलं होतं, ते पाणी उकळताच नाहीसं झालं. चंचुपात्र खिडकीत ठेवलं. भिंगरी त्याच्यावर वाकून राहिली. आधी काहीच नाही. मग पाण्याच्या मधोमध एक चमक, जशी सुईची टोकं उन्हात दिसावीत. मग दुसरी. मग एकदम सगळं पात्र चकचकीत पापुद्र्यांनी भरून गेलं आणि ते पापुद्रे सावकाश गिरक्या घेत खाली उतरू लागले. सर वही विसरले. आत्या स्टुलावरून अर्धी उठली, आणि आठवण होऊन परत बसली.

“मीठ नाही,” भिंगरी म्हणाली. “साखर तर नाहीच. साखर गार पाण्यात कधीच विरघळली असती.”

वाळवलेले चार कण तिने पळीच्या टोकावर घेऊन ज्योतीत धरले. ते वितळले, पेटले, आणि ज्योतीतून काळा धूर निघाला, काजळीच्या बारीक धाग्यांसह. सरांनी वहीत बोट ठेवून मोठ्याने वाचलं. काजळीची ज्योत म्हणजे कर्बाचं प्रमाण भरपूर. पदार्थ बहुधा ॲरोमॅटिक कुळातला.

ॲरोमॅटिक म्हणजे वासाचा ना, असं आत्याने विचारलं. मग या पांढऱ्याला स्वतःचा वास कुठे आहे? आता धुतल्यावर तर काहीच येत नाही.

हा प्रश्न सरांना फार आवडला. फळ्याकडे जाऊन त्यांनी षटकोन काढला. पूर्वी लोक नाकाने कुळं लावायचे, ते म्हणाले. सुगंधी द्रव्यांचं एक कुळ केलं, त्याला वासावरून नाव दिलं. पुढे कळलं की त्या सगळ्यांच्या पोटात हे एकच कडं आहे: सहा कार्बन हात धरून गोल उभे. मग ज्याच्यात हे कडं, तो या कुळातला, मग त्याला वास येवो न येवो. नाव मात्र जुनंच राहिलं.

“म्हणजे आडनाव तेच, धंदा सोडला,” आत्या म्हणाली.

पुढचं काम होतं कड्याला काय जोडलेलं आहे ते शोधण्याचं. निळा लिटमस कागद त्या द्रावणात बुडवला, तो लाल झाला: आम्ल. खायच्या सोड्याच्या पाण्यात चिमूट टाकली, आणि चिमूट तडतडून बुडबुड्यांवर नाचायला लागली. सरांनी वहीत पाहिलं की या कुळातली आम्लं दोन-चार तरी आहेत, आणि त्यांतल्या एकाला फेरिक क्लोराइडने गडद जांभळा रंग येतो. द्रावणाचं आम्लपण आधी मारून घेतलं आणि पिवळसर थेंब सोडले. जांभळा आला असता तर डोळे दिपले असते. आला तो ओल्या पुठ्ठ्याच्या रंगाचा गाळ. इतका साधा, की भिंगरीला क्षणभर वाईट वाटलं. मग तिने वही पाहिली, तिथे नेमका असाच गाळ एका आम्लापुढे लिहिलेला होता, आणि ती जागच्या जागी उडी मारायला लागली.

उरला द्रवणांक, म्हणजे पदार्थ नेमका किती अंशांना वितळतो ते. केसाएवढ्या बारीक काचनळीत चूर्ण भरलं, ती नळी तापमापकाला बांधली, आणि दोन्ही मिळून तेलाच्या पात्रात सोडली. आत्या दारातून ओरडली की घाई केलीस तर आकडा खोटा येईल, ज्योत बारीक कर. आणखी बारीक. आणखी. शंभर झाले, एकशे दहा झाले. एकशे अठरा. एकशे एकवीसला चूर्ण ओलसर दिसलं. एकशे बावीसला नळीत पाण्यासारखा स्वच्छ थेंब उभा राहिला.

“बेंझोइक आम्ल,” सर म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण एखाद्या नवव्या इयत्तेतल्या मुलाच्या अंगात शिरून आल्यासारखा.

तीनला मोठ्या बाई आल्या. भिंगरीने एका दमात सगळं सांगितलं: काजळी, लिटमस, बुडबुडे, गाळ, एकशे बावीस. बाईंनी शांतपणे ऐकलं, तापमापक पाहिला, चमकते पापुद्रे पाहिले आणि मनापासून शाबासकी दिली. मग त्या कपाटाशी गेल्या आणि खालच्या फळीवरची दुसरी एक बाटली त्यांनी टेबलावर आणून ठेवली. त्या तपकिरी बाटलीची सख्खी शेजारीण. अर्धी रिकामी. तिच्यावर आत्याच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: ‘बेंझोइक आम्ल’.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सकाळी निदान काय टाकलं हे माहीत नव्हतं. आता ते कळलं होतं, कुठून आलं तेही कळल्यासारखं होतं, आणि हे सगळं सिद्ध कोणी केलं होतं, तर आत्याच्या लाडक्या भाचीने.

“चुकून झालं असेल,” बाई मऊ आवाजात म्हणाल्या. “पण चूकच तर मला नको आहे.”

त्या कागद आणायला गेल्या. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आत्या उठली नाही, पण तिने हाक मारली: रडायचं असेल तर आधी बर्नर बंद कर.

भिंगरीने बर्नर बंद केला. मान वर केली तर समोर फळा. सरांचा षटकोन तसाच होता. रागारागाने तिने खडू घेतला आणि षटकोनाच्या शेपटीला आम्लाचा गट लिहिला: एक कार्बन, दोन ऑक्सिजन, एक हायड्रोजन. शेजारी दुसरा षटकोन काढला आणि बदामी वासाच्या द्रवाचा गट वहीत पाहून लिहिला: एक कार्बन, एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन.

ती दोन पावलं मागे आली. कडं तेच. कार्बन तितकेच. हायड्रोजन तितकेच.

“सर,” ती म्हणाली, “यांच्यात फक्त एका ऑक्सिजनचा फरक आहे.”

सरांनी पाहिलं. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांच्याही तोंडावर एकच गोष्ट उमटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ऑक्सिजन शोधायला शेजारच्या बाटलीपर्यंत जायचं कारणच काय होतं? खोली भरून वाहत होता तो.

मोठ्या बाई कागद घेऊन परत आल्या तेव्हा सर नव्या सामानाच्या खोक्यात कमरेपर्यंत वाकलेले होते. याच वर्षी आलेली बेंझाल्डिहाइडची एक बाटली त्यात होती, कारखान्याचं सील न तोडलेली. भिंगरीने बाईंना विनंती केली की सील त्यांनीच तोडावं. बाईंनी घड्याळ पाहिलं, तीन वाजून बारा मिनिटं, आणि सील तोडलं. आत पाण्यासारखा स्वच्छ द्रव होता. एक थेंब सोड्याच्या पाण्यात टाकून पाहिला: एक बुडबुडा नाही. म्हणजे यात आम्ल नाही, हे बाईंनी स्वतः कबूल केलं. मग एका चिमुकल्या बाटलीत तो द्रव अगदी काठोकाठ भरला, हवेला जागाच उरू दिली नाही, आणि झाकण घट्ट लावलं. आणि दोन थेंब एका उथळ काचेवर पातळ पसरून ती काच खिडकीत उन्हात ठेवली.

मग वाट पाहायची. भिंगरीला वाट पाहणं म्हणजे शिक्षा. ती खिडकीशी जायची, परत यायची, पुन्हा जायची. आत्याने दोनदा दटावलं की तुझी सावली पडतेय काचेवर, ऊन खाऊन टाकशील. साडेतीनला काच ओलीच होती. मोठ्या बाई टेबलाशी कागद समोर ठेवून बसल्या होत्या. लेखणीचं टोपण काढलं होतं, पण त्यांचंही लक्ष खिडकीकडेच होतं. पावणेचारला बाईच पहिल्यांदा उठल्या.

“हे काय आहे?” त्या म्हणाल्या.

काचेच्या कडेला, जिथे थर सगळ्यात पातळ होता, तिथे पांढरी रेघ उमटली होती, नखाने ओढल्यासारखी. सगळे भोवती जमले, आत्याही. या वेळी तिला कोणी अडवलं नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत त्या रेघेतून एक सुई फुटली, सुईतून दुसरी. कडेकडून पांढरी जाळी आत सरकत होती. चारला पाच कमी असताना काच निम्मी पांढरी झाली होती. भिंगरीने तिथलं खरवडून सोड्याच्या पाण्यात टाकलं आणि बुडबुडे तडतडत वर आले. चिमुकल्या बंद बाटलीतला द्रव मात्र तसाच होता, स्वच्छ, आरपार.

“कोणी काही टाकलं नाही, बाई,” भिंगरी म्हणाली. “हवेनेच केलं.”

मोठ्या बाईंनी लेखणीचं टोपण लावलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात त्यांनी ते पुन्हा काढलं. त्या विचारी बाई होत्या. हवेने होतं हे मला दिसलं, त्या म्हणाल्या. पण त्या जुन्या बाटलीला चांगलं घट्ट बूच आहे, आणि ती प्रयोगाला कधी काढल्याची प्रयोगशाळेच्या नोंदवहीत एकही नोंद नाही. मग तिच्यात इतकी हवा शिरली कशी?

सर म्हाताऱ्या सरांची वही चाळायला लागले. भिंगरीला एकदम आठवलं की संध्याकाळी घरी जाताना आत्याचा हात धरला की त्या बोटांना एक गोड वास यायचा. कुठलं तरी तेल असेल, असं ती लहानपणापासून समजत आली होती. ते तेल नव्हतं. तो बदाम होता. तिने आत्याकडे पाहिलं नाही. फरशीकडे पाहिलं.

आत्याने मात्र भिंतीकडे पाहिलं. तिथे म्हाताऱ्या सरांनी लावलेली पाटी होती, दर सोमवारी आत्याच पुसायची ती: ‘परवानगीशिवाय कोणतीही बाटली उघडून हुंगू नये.’

“मी उघडते,” ती म्हणाली. “रोज.”

मग सगळं सांगूनच टाकलं. दिवसभर या खोलीत कसकसले वास असतात. गंधकाचा, सडक्या अंड्याचा, अमोनियाने तर डोळ्यांतून पाणी. संध्याकाळी सगळं धुऊन-पुसून झालं की ती खालच्या फळीवरची बाटली काढायची, बूच उघडायची, हाताने हळूच वारा घ्यायची, एकदाच, आणि मग कुलूप लावायची. बावीस वर्षं. आधी दुसरी बाटली होती, ती संपल्यावर ही. पांढरं जमतंय हे तिला दिसत होतं, पण विचारायचं कोणाला आणि काय म्हणून?

“सकाळीच सांगायचं होतं,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“शंभर पोरांचे कान पिळलेत मी त्या पाटीवरून,” आत्या म्हणाली. “कुठल्या तोंडाने सांगू? फाटक पत्करलं, पण ते नको.”

चारचे ठोके पडले. बाईंनी कागद उचलला, आणि सगळ्यांना वाटलं आता सही होणार. बाईंनी त्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि कागद पिशवीत टाकला. मग त्याच पिशवीतून किल्ल्यांचा जुडगा बाहेर काढला. तो आत्याच्या हातात देताना त्यांनी अटी सांगितल्या, बाईच त्या: जुनी बाटली आजच बाजूला काढायची, नवीन द्रव लहान लहान बाटल्यांत काठोकाठ भरायचा, म्हणजे एक उघडली तरी बाकीच्या शाबूत राहतील, आणि एखादी बाटली बदलताना दिसली की मनात ठेवायची नाही, त्याच दिवशी विचारायचं. विचारण्याची लाज या खोलीत कोणाला वाटता कामा नये.

“आणि एक छोटी बाटली रोज उघडायला,” त्या म्हणाल्या. “तिच्यावर तसं लिहा. नोंद हवी.”

आत्याने जुडगा कमरेला अडकवला. त्याचा खळकन आवाज झाला आणि भिंगरीला वाटलं, खोलीतली प्रत्येक बाटली सरळ उभी राहिली. आत्या लगेच कामाला लागली: हा बर्नर इथे का, ही परीक्षानळी कोणी उलटी ठेवली, सर, तुमच्या कोपराला खडू लागलाय तो कपाटाला पुसू नका.

मोठ्या बाई जायला निघाल्या होत्या, पण गेल्या नाहीत. त्या टेबलाशी घुटमळल्या. मग नव्या बाटलीचं बूच काढून, आपल्याला कोणी पाहत नाही असं समजून, त्यांनी ती नाकाकडे नेली.

“बाई,” आत्या म्हणाली.

बाई थबकल्या.

“असं नाही. बाटली खाली. नाक मागे. आता हाताने वारा घ्या. हळू.”

मोठ्या बाईंनी बाटली खाली केली, नाक मागे घेतलं, हाताने वारा घेतला आणि डोळे मिटले.

“आता बूच,” आत्या म्हणाली. “घट्ट.”